रिपोर्ट सुधारतात, माणूस वाळत जातो: डायलिसिसमधलं कुपोषण

किडनीचा आजार निघाला की घरात पथ्याची यादी येते. डाळ कमी, दूध कमी, अंडी-मासे जवळजवळ बंद, मीठ नको, फळं निवडून, पाणी मोजून. काही वर्षांत ती यादी अंगवळणी पडते. मग डायलिसिस सुरू होतं आणि आहारतज्ज्ञ सांगतात, आता प्रोटीन वाढवा. घरच्यांना वाटतं, कुणाचं तरी चुकतंय. बरेचदा जुनीच यादी पुढे चालू राहते, कारण ती पाळली की रिपोर्ट 'चांगले' येतात. युरिया कमी, फॉस्फरस कमी, क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा आणखी एक टाकाऊ पदार्थ) दर महिन्याला थोडं उतरलेलं. त्याच काळात रुग्णाची गालफडं बसतात, खुर्चीतून उठायला हातांचा आधार लागतो, आणि सगळं खापर आजारावर फुटतं.

डायलिसिसवरच्या बहुतेक रुग्णांना जास्त खाण्यापेक्षा कमी खाण्याचा धोका मोठा असतो. आणि रिपोर्ट फक्त वरवर चाळले तर तो धोका सुधारणेसारखा दिसतो.

## आधी प्रोटीन बंद, आता जास्त. हे कसं?

शरीर प्रोटीन वापरतं तेव्हा मागे युरिया, आम्ल आणि फॉस्फरस उरतो. हे बाहेर टाकणं किडनीचं काम. किडनी अर्धवट चालत असते तेव्हा तिच्यावरचा भार हलका करायला प्रोटीन आवरतात. मधुमेह नसलेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली दर किलो वजनामागे दिवसाला ०.५५ ते ०.६ ग्रॅम इतकं कमीही.

डायलिसिस सुरू झाल्यावर सफाईचं मुख्य काम यंत्राकडे जातं. आता वाचवायचे असतात ते स्नायू. म्हणून अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांत डायलिसिसच्या रुग्णासाठी दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन सांगितलं आहे. म्हणजे आधीच्या जवळपास दुप्पट. जुनी यादी त्या काळापुरती बरोबर होती. आता ती भिंतीवरून काढायची.

## यंत्र चांगलंही काढून टाकतं

डायलिसिसचा फिल्टर ही एक चाळणी आहे. चाळणीला कामाचं आणि बिनकामाचं कळत नाही, बारीक आणि जाड एवढंच कळतं. युरिया बारीक असतो म्हणून निघून जातो. प्रोटीन ज्यांपासून बनतं ती अमिनो आम्लंही तितकीच बारीक असतात, तीही जातात. रक्ताच्या डायलिसिसच्या एका सत्रात साधारण ६ ते १२ ग्रॅम. ब गटातली जीवनसत्त्वं, फॉलिक ॲसिड आणि क जीवनसत्त्वही पाण्यात विरघळणारी असल्यामुळे त्याच वाटेनं जातात.

पोटाच्या डायलिसिसमध्ये, म्हणजे पोटात द्रावण सोडून ते काही तासांनी काढून घेण्याच्या पद्धतीत, तोटा वेगळ्या प्रकारचा. तिथे अल्ब्युमिनसारखं (रक्तातलं मुख्य प्रोटीन) अख्खं प्रोटीनच पाण्यातून बाहेर पडतं, दिवसाला ५ ते १५ ग्रॅम, आणि पोटात जंतुसंसर्ग झाला तर त्याहून जास्त. उलट त्या द्रावणातलं ग्लुकोज शरीरात शोषलं जातं. त्यातून दिवसाला काहीशे कॅलरी मिळतात, पोट भरल्यासारखं वाटतं आणि जेवण कमी होतं. असा रुग्ण अंगानं भरलेला दिसू शकतो आणि तरीही त्याला प्रोटीन कमी पडत असतं.

## नुसत्या उपासमारीपेक्षा हे वेगळं का

निरोगी माणूस चार दिवस कमी जेवला तर शरीर काटकसर करतं. आधी चरबी वापरतं, स्नायूंना शक्यतो हात लावत नाही. डायलिसिसच्या रुग्णात ही काटकसर नीट चालत नाही. रक्तात आम्ल साठलं की स्नायूंमधलं प्रोटीन तोडणारी यंत्रणा जोर धरते. इन्सुलिनचा परिणाम कमी झाल्यानं स्नायू बांधण्याचं काम मंदावतं. त्यात शरीरात कुठेतरी सतत दाह धुमसत असतो. मानेतला कॅथेटर (डायलिसिससाठी शिरेत घातलेली नळी), किडलेला दात, बरी न होणारी जखम, कधी पूर्वी बसवलेली आणि आता निकामी झालेली किडनी, अशी त्याची कारणं.

डॉक्टर याला 'प्रोटीन-एनर्जी वेस्टिंग' म्हणतात. २००८ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं हे नाव सुचवलं. आपण इथे झीज म्हणू. याचा व्यवहारातला अर्थ असा, की काही रुग्णांना कितीही खाऊ घाला, दात किंवा कॅथेटरचा प्रश्न सुटल्याशिवाय अंगी लागत नाही. 'एवढं खातो तरी वाळतोय' हे वाक्य ऐकलं की मुरलेले डॉक्टर ताटाकडे कमी आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या तपासणीकडे जास्त बघतात. रक्तातलं आम्ल आवरणारं बायकार्बोनेटही बघतात. ते २२ च्या खाली राहत असेल तर आम्ल साठतंय, आणि त्यावर उपाय करता येतो.

## वजनाचा काटा कसा फसवतो

हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे, म्हणून जरा सविस्तर.

डायलिसिसमध्ये 'ड्राय वेट' हा शब्द रोज कानावर पडतो. अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावर राहायला हवं ते वजन. समजा, एका रुग्णाचं ड्राय वेट ६० किलो ठरलंय. पुढच्या चार महिन्यांत त्याचे स्नायू आणि चरबी मिळून ३ किलो कमी झाली. फाइलवर आकडा ६०च राहिला. आता प्रत्येक सत्रात यंत्र ६० किलोपर्यंत आणून थांबतं, म्हणजे अंगात ३ लिटर पाणी कायम जास्त. काटा सांगतो, वजन टिकून आहे. खरं तर मांस गेलं आणि त्याच्या जागी पाणी आलं. मग रक्तदाब वाढतो, गोळी वाढते, आडवं झाल्यावर दम लागतो. वजन मात्र 'स्थिर'.

दुसरा फसवा प्रकार याहून वाईट. अल्ब्युमिन खूप उतरलं की पाणी रक्तवाहिन्यांत थांबत नाही, बाहेर ऊतींमध्ये झिरपतं. यंत्र पाणी ओढायला लागलं की रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात, आणि पायावर सूज तर दिसतेच आहे. इथे कुणीतरी घाईनं ठरवतं की ड्राय वेट कमी धरलंय, वाढवा. सूज आणखी वाढते.

म्हणून भूक मंदावलेल्या रुग्णाचं ड्राय वेट दर महिन्याला नव्यानं तपासायला हवं, आणि आजारपणानंतर किंवा दवाखान्यात राहून आल्यावर लगेच. घरच्यांना दिसणाऱ्या खुणा काट्यापेक्षा प्रामाणिक असतात. कानशिलं खोल जाणं, गळ्याची हाडं वर येणं, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग सपाट होणं, अंगठी सैल होणं. दंडाचा घेर टेपनं मोजता येतो. तो फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेनं जोडलेल्या हातातल्या रक्तवाहिन्या) नसलेल्या हाताचा, डायलिसिस झाल्यावर, दर वेळी खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर घ्यायचा. एका मापाला अर्थ नसतो. तीन महिन्यांतला फरक बोलतो.

## कुठला रिपोर्ट काय सांगतो

क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. डायलिसिस तेवढंच, लघवी तेवढीच, आणि डायलिसिसआधीचं क्रिएटिनिन महिन्यागणिक उतरतंय, तर किडनी सुधारली असं समजून पेढे वाटायची घाई करू नये. बहुधा स्नायू घटताहेत. डायलिसिसआधीचा युरिया आणि फॉस्फरस आपोआप खाली आले, तर आधी विचारायचं की रुग्ण जेवतोय का.

अल्ब्युमिनवर सगळ्यांचा भर असतो. ३.८ च्या खाली गेलेलं अल्ब्युमिन ही धोक्याची खूण आहेच, पण ते फक्त जेवणाचं मोजमाप नाही. दाह असला की ते उतरतं, अंगात पाणी जास्त असलं की पातळ होऊन कमी दिसतं. शिवाय त्याचं अर्धं आयुष्य सुमारे २० दिवसांचं, त्यामुळे आज आहार सुधारला तर पुढच्या आठवड्याच्या रिपोर्टात काही दिसणार नाही. पंधरा दिवसांत अल्ब्युमिन वाढलं नाही म्हणून आहार सोडून देणारे बरेच असतात.

झीज ठरवायला डॉक्टर चार गोष्टी एकत्र बघतात. रक्ततपासणी, शरीराचं वजन आणि चरबी, स्नायू, आणि प्रत्यक्ष खाणं. यांतल्या तीन बिघडल्या तर निदान पक्कं. तीन महिन्यांत प्रयत्न न करता ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन कमी होणं त्यात धरतात. दोन सत्रांच्या मधल्या काळात युरिया किती वाढतो यावरून रुग्ण दिवसाला किती प्रोटीन खातो याचा अंदाजही काढता येतो. या आकड्याला एनपीसीआर म्हणतात. तो केंद्रावर विचारावा; अनेकदा मोजलेला असतो, पण रुग्णापर्यंत पोचलेला नसतो.

## मग किती खायचं?

६० किलोच्या रुग्णाला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम प्रोटीन आणि १५०० ते २१०० कॅलरी लागतात (दर किलोमागे २५ ते ३५, वय आणि हालचालीनुसार कमी-जास्त). हिशेबाला सूज धरलेलं वजन घ्यायचं नाही. वजन फारच जास्त किंवा फारच कमी असेल तर कुठलं वजन धरायचं ते आहारतज्ज्ञ ठरवतात.

इथे एक चूक सर्रास होते. प्रोटीनवर लक्ष दिलं जातं आणि कॅलरी विसरल्या जातात. कॅलरी अपुऱ्या असतील तर शरीर खाल्लेलं प्रोटीन इंधन म्हणून जाळून टाकतं. स्नायूंना काही मिळत नाही आणि युरिया मात्र वाढतो. म्हणून अंड्याचा पांढरा भाग वाढवताना भात-गव्हासारखं धान्य आणि तेलही वाढायला हवं. तेलात पोटॅशियम नाही, फॉस्फरस नाही, आणि एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी. भूक कमी असलेल्यासाठी याहून सोपी भर नाही. वर्षानुवर्षं तेल-तूप वर्ज्य केलेल्या घरात हे पचायला जड जातं, तो भाग वेगळा.

मधुमेह असेल तर? जेवण वाढवताना इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून जुळवून घ्यावा लागतो, पण जेवणच कापणं हा उपाय नाही. निकामी किडनीमुळे इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकतं. जेवण निम्मं आणि डोस जुनाच, असं झालं की साखर धोकादायक उतरते. अशा वेळी फळांच्या रसापेक्षा ग्लुकोज किंवा साखर द्यावी. पुष्कळ रसांत पोटॅशियम भरपूर असतं.

## 'पण प्रोटीन वाढलं की फॉस्फरस वाढणार ना?'

हा आक्षेप खरा आहे. प्रोटीन आणि फॉस्फरस सोबतच येतात. चार तासांच्या एका सत्रात साधारण ६०० ते १००० मिलिग्रॅम फॉस्फरस निघतो, आणि आठवड्याला तीन सत्रं धरली तरी खाण्यातून शोषला जाणारा फॉस्फरस बहुधा त्याहून जास्त भरतो. पण फॉस्फरस उतरवण्यासाठी प्रोटीनच तोडलं तर आकडा सुधारतो आणि स्नायू जातात. हा सौदा तोट्याचा.

त्याऐवजी फॉस्फरस कुठून येतो ते बघा. डाळी आणि धान्यांतला फॉस्फरस अर्ध्याहून कमीच शोषला जातो, कारण तो फायटेट नावाच्या, आपल्याला नीट न पचणाऱ्या घटकात अडकलेला असतो. मांस, मासे, दूध यांतला साधारण ४० ते ६० टक्के. पाकीटबंद पदार्थांत टिकवण्यासाठी किंवा पोत सुधारण्यासाठी घातलेली फॉस्फेटं मात्र जवळपास पूर्ण शोषली जातात, आणि त्यांच्यासोबत प्रोटीन येतंच असं नाही. प्रोसेस्ड चीज, सॉसेजसारखं तयार मांस, काळसर कोला पेयं ही नेहमीची उदाहरणं. वेष्टनावर 'फॉस' अक्षरं असलेला घटक किंवा ३३८ ते ३४३, ४५० ते ४५२ यांतला क्रमांक दिसला तर तो पदार्थ परत ठेवावा. डाळ बंद करण्याआधी ही पाकिटं बंद करायची.

अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि फॉस्फरस नाममात्र. तो जवळपास सगळा बलकात. मांस किंवा भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकलं तर फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही कमी होतात. ते पाणी रस्श्याला वापरलं तर सगळं ताटात परत.

फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्यांबाबत एकच सांगायचं. त्या जेवणातला फॉस्फरस आतड्यात पकडतात, म्हणून जेवणाबरोबरच घ्यायच्या. जेवणानंतर दोन तासांनी, चहासोबत किंवा झोपताना घेतलेली गोळी जवळपास वाया जाते. जे जेवण झालंच नाही त्याची गोळी सहसा घ्यायची नसते, आणि जिथे प्रोटीन जास्त तिथे गोळ्याही जास्त, अशी वाटणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

## पोटॅशियम

यात हयगय चालत नाही, कारण ते हृदयाचे ठोके थांबवू शकतं. पण वाढलेल्या पोटॅशियमचं खापर दर वेळी फळावर फोडू नये. बुडवलेलं सत्र, रक्तातलं आम्ल, बद्धकोष्ठता, 'कमी सोडियमचं' म्हणून विकलं जाणारं पोटॅशियमयुक्त मीठ, आणि उपासमारीत तुटणारे स्वतःचे स्नायू, यांतूनही ते वाढतं. भाज्या-फळं सरसकट बंद केली की बद्धकोष्ठता वाढते, आणि तिच्यापायी पोटॅशियमही.

## भूकच लागत नाही, त्याचं काय?

'खा' असं दहा वेळा म्हणून भूक येत नाही. आधी कारण शोधायचं, आणि ते बहुतेक वेळा सापडतं.

पहिला प्रश्न डायलिसिस पुरेसं होतंय का. सत्र अर्धा तास आधी सोडायची सवय, नीट न चालणारा कॅथेटर किंवा फिस्टुला यांमुळे विषारी द्रव्यं साठतात. मळमळ, तोंडाला धातूसारखी चव, मांसाची शिसारी ही त्याची लक्षणं. इथे खाण्याचा सल्ला देऊन उपयोग नाही, डायलिसिस सुधारावं लागतं.

मग गोळ्या. रिकाम्या पोटी डझनभर गोळ्या आणि त्यावर पाणी घेतलं की पोट तिथेच भरतं. काही गोळ्यांनी मळमळ होते, काहींनी बद्धकोष्ठता. सगळी यादी डॉक्टरांसमोर ठेवून अनावश्यक गोळ्या काढून टाकता येतात. बद्धकोष्ठतेवर मनानं औषध घेऊ नये. मॅग्नेशियम किंवा फॉस्फेट असलेली रेचकं या रुग्णांना घातक ठरू शकतात.

जुन्या मधुमेहात जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. दोन घासांत पोट भरतं, तासाभरानं ढेकर आणि उलटी. अशांना दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी जेवणं, मऊ आणि कमी चोथ्याची, सोसतात. सैल झालेली कवळी, सुकलेलं तोंड, नैराश्य ही कारणं कुणी विचारत नाही म्हणून राहून जातात. वाळलेल्या रुग्णाची कवळी सैल होतेच, कारण हिरड्याही आकसतात.

मग उरतो डायलिसिसचा दिवस. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ दिवस. जाणं-येणं धरून अर्धा दिवस जातो, एक जेवण चुकतं, घरी आल्यावर थकव्यानं झोप लागते आणि दुसरंही राहतं. ज्या दिवशी शरीरातून अमिनो आम्लं जातात त्याच दिवशी सगळ्यात कमी खाल्लं जातं. हा दिवस सावरला तरी पुष्कळ फरक पडतो. निघण्याआधी पोटभर खाणं, डबा सोबत, आणि आल्यावर आयतं तयार असलेलं काहीतरी.

## डायलिसिस चालू असताना खाल्लं तर चालतं?

अनेक केंद्रांत मनाई असते आणि तिला आधार आहे. जेवल्यावर रक्त आतड्याकडे वळतं, रक्तदाब उतरू शकतो. आडवं पडून खाताना ठसका लागू शकतो. दुसरीकडे, सत्रादरम्यान प्रोटीन पोटात गेलं तर स्नायूंचं तुटणं आवरतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. मधला मार्ग म्हणजे ज्याचा रक्तदाब सत्रात टिकतो, त्यानं पाठ उंच करून, पहिल्या तास-दोन तासांत, १५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असलेलं थोडंसं खावं. रक्तदाब बहुधा उत्तरार्धात घसरतो. ज्याचा वारंवार घसरतो किंवा ज्याला गिळायला त्रास आहे, त्यानं सत्राच्या दीड-दोन तास आधीच खाऊन घ्यावं.

## पावडर, नळी, सलाईन

आहारातून भागत नसेल तर पूरक पेय किंवा पावडर. डायलिसिससाठी बनवलेल्या पेयांत कॅलरी दाट आणि पोटॅशियम-फॉस्फरस कमी असतो. व्यायामशाळेतल्या पावडरीत तसं असेलच असं नाही. ही जेवणाच्या मध्ये घ्यायची, जेवणाऐवजी नाही, आणि त्यातलं पाणी दिवसाच्या पाण्यात मोजायचं. निदान तीन महिने दिल्याशिवाय उपयोग झाला की नाही ते ठरवू नये.

त्यानंही भागलं नाही तर नाकातून नळी. डायलिसिसच्या वेळी शिरेतून पोषक द्रावण देण्याचाही मार्ग आहे आणि तो पुष्कळांना आकर्षक वाटतो, कारण खावं लागत नाही. पण ते आठवड्याच्या १६८ तासांपैकी १२ तासच मिळतं. ज्याचं थोडंफार खाणं चालू आहे त्याला ती भर ठरते. ज्याचं खाणं जवळपास थांबलंय त्याचं तेवढ्यावर भागत नाही.

बरेच दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला एकदम भरपूर द्यायला सुरुवात केली तर रक्तातला फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्यानं खाली जाऊन जीवावर बेतू शकतं. म्हणून सुरुवात हळूहळू आणि रक्त तपासत करतात. एरवी फॉस्फरसला घाबरणाऱ्या रुग्णाच्या बांधणाऱ्या गोळ्या अशा वेळी थांबवाव्याही लागतात.

## अंगी लागायला लागल्यावर

खाल्लेलं स्नायूंत जायला स्नायूंना काम लागतं. खुर्चीतून उठ-बस, हलकं वजन उचलणं, चालणं, एवढंही चालतं. फिस्टुलाच्या हातानं काय उचलायचं ते केंद्रात विचारून.

भूक परतली, खरं वजन वाढलं, तर ड्राय वेट वर न्यायची आठवण डॉक्टरांना करून द्यावी. ते राहिलं तर यंत्र रुग्णानं कमावलेल्या दोन किलोंनाही जास्तीचं पाणी समजून ओढत राहतं; सत्राच्या शेवटी गोळे येतात, चक्कर येते, दुसऱ्या दिवसापर्यंत उठवत नाही, आणि जेवण पुन्हा सुटतं.